प्रदर्शनात मशीन मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करावा का? (लेसर, कॅमेरा आणि फौंड्रीतला कोअर)

काळी_वाळू

नमस्कार मंडळी. लहानपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलं, आता शिरोलीत भाड्याच्या शेडमध्ये काम करतो. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. वडील चाळीस वर्षं मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते. प्रश्न पेटंटचा आहे, पण काम काय आहे ते आधी सांगतो, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

पोकळ कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, ओतायचं असेल तर साच्याच्या आत वाळूचाच गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. खालच्या पेटीत कोअर ठेवायचा, वरची पेटी झाकायची, मेटल ओतायचं. एकदा झाकलं की आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. कोअरच्या बैठकीत वाळूचा एखादा खडा अडकला आणि कोअर दोन मिलिमीटर वर राहिला, तर कास्टिंगची भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. आणि हे कळतं कधी? फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) झालं, रंग लागला, माल गाडीत भरून गिऱ्हाइकाकडे पोचला, तिथं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, बोअर झाला, त्यानंतर. 6 मिमीची भिंत एका बाजूला 4 आणि दुसऱ्या बाजूला 8. मागच्या दिवाळीच्या तोंडावर असा अख्खा लॉट परत आला. वडील त्या ढिगासमोर उभे राहिले, एक नग उचलला, पातळ बाजूवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता खाली ठेवला. त्या दिवसापासून मी याच्या मागे लागलोय.

खालच्या पेटीत कोअर बसला की वरची पेटी झाकायच्या आधी लेसरची एक रेघ त्यावर तिरकी पाडतो आणि कॅमेरा सरळ वरून ती रेघ बघतो. जिथं उंची जास्त तिथं रेघ बाजूला सरकलेली दिसते. 45 अंशांत पाडली तर जेवढी उंची तेवढंच सरकणं, गणित शाळेतलंच आहे. पेटी रोलरवरून पुढं जाते तसं रेघेमागून रेघ जमत जाऊन सगळ्या कोअरचा नकाशा तयार होतो. कोअर वाकडा असेल तर लाल दिवा लागतो, पोरगं पेटी थांबवतं, खडा काढतं, कोअर परत बसवतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

अडचण होती ती काळ्या रंगाची. ग्राफाइटचा वॉश, म्हणजे पातळ लेप, मारलेला कोअर कोळशासारखा असतो, लेसरची रेघ गिळून टाकतो. आणि वॉश ओला असला तर उलट असा चमकतो की कॅमेऱ्याला एकाच्या जागी तीन रेघा दिसतात. यावर वर्षभर झगडून जो उपाय काढला तो असा:

[हा परिच्छेद लेखकाने काढून टाकला आहे.]

आता प्रश्न. पुढच्या महिन्यात कोल्हापुरात औद्योगिक प्रदर्शन आहे, स्टॉल बुक केलाय, मशीन मांडायचं आहे. त्याआधी पेटंटचा अर्ज केला पाहिजे का? एक मित्र म्हणतो की पक्कं, चालतं मशीन तयार झाल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, आणि माझ्या मशीनचं कव्हर अजून प्लायवूडचं आहे. दुसरा म्हणतो यात सॉफ्टवेअर आहे, भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही, पैसे पाण्यात जातील. दोन महिन्यांपूर्वी पुण्याचं एक गिऱ्हाईक शेडवर येऊन मशीन बघून गेलंय, त्यानं काही बिघडलं का? आणि खर्च किती? खरं सांगायचं तर लॉट परत आल्यापासून हातात फार पैसे नाहीत.

व्हीएमसी_गोकुळशिरगाव

भावा, बाकी सगळं नंतर. तो वॉशवरच्या उपायाचा परिच्छेद आधी काढ. आत्ताच्या आत्ता. हे पान कुणीही उघडून वाचू शकतं.

काळी_वाळू

काढला. वीसेक मिनिटं होता. माझ्या लक्षातच आलं नाही.

सागवानी_पॅटर्न

लेकरा, तुझी पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मी 66 वर्षांचा आहे. पॅटर्नमेकर. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा काढतात तो नमुना. सागवानाचे पॅटर्न हातानं केलेत, पुढं ॲल्युमिनियमचे केले, आता पोरगा कॉम्प्युटरवर करतो. माझं काय झालं ते सांगतो. लांबेल, पण पूर्ण वाच.

आमच्या भागात गुऱ्हाळं किती, ते तुला माहीत आहे. चरक, म्हणजे ऊस गाळायचं यंत्र, चालू असताना खालच्या पट्टीवर चिपाड साठत जातं. पुढच्या दोन लाटांमधून (रोलरांमधून) निघालेला ऊस मागच्या लाटेकडे वळवणारी ती पट्टी. ती झिजली किंवा तुंबली की सगळा चरक उघडावा लागायचा. रात्री दोनला चरक बंद पडला की काहिलीत आधण उकळत असतं, चुलवाणात जाळव्या चिपाड टाकत असतो, गुळव्या डोक्याला हात लावून बसलेला, आणि मिस्त्री येऊन लाट काढणार तोपर्यंत पहाट. मी स्वतः अशा किती रात्री काढल्यात. त्यातून मी पट्टीची बैठक अशी बदलली की एक बोल्ट सैल करून पट्टी बाजूनं ओढून काढता येईल, लाटेला हात न लावता. वीस मिनिटांत चरक परत चालू.

पहिल्या हंगामात पाच चरक विकले. दुसऱ्या हंगामात एका कृषी प्रदर्शनात मांडला. मंडपात चार दिवस येईल त्याला बोल्ट सैल करून दाखवला. लोक शाबासकी देत होते आणि मी फुललो होतो. पेटंट हा शब्द माहीत होता, पण ते मोठ्या कंपन्यांचं काम, आपण कारागीर, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

तिसऱ्या हंगामात एका गुऱ्हाळावर दुरुस्तीला गेलो. समोर चरक उभा, रंग निळा, नाव दुसऱ्याच वर्कशॉपचं, पण बैठक माझी. मालकाला विचारून टेप लावला. बाजूला एक फासळी आहे, तिच्यावर मशिनिंग होत नाही, जशी ओतली तशीच राहते. माझ्या कास्टिंगवर ती 300 मिमी भरते. याच्यावर भरली 297.

फौंड्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकडा एक आकसतं. म्हणून आम्ही पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करतो, आमची मोजपट्टीच वेगळी असते. ज्यानं स्वतः पॅटर्न केला त्याची फासळी 300 आली असती. 297 आली याचा अर्थ माझंच कास्टिंग वाळूत दाबून साचा काढला होता. बैठकीच्या आतल्या कोपऱ्यात पटाशी निसटून माझ्या पॅटर्नवर एक ओरखडा पडला होता, बोटाच्या पेराएवढा. तो मी कधी बुजवला नव्हता. त्यांच्या बीडावर तो ओरखडासुद्धा उतरला होता. मी त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसलो होतो.

मग पळापळ. मुंबईला एका जाणकाराकडे गेलो. कागद बघितले, चित्रं बघितली, कामाचं कौतुक केलं. मग एकच प्रश्न विचारला: पहिला नग कधी विकला? मी म्हटलं, दोन वर्षं झाली. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, अर्जाच्या तारखेच्या आधी जी गोष्ट लोकांसमोर उघड आली, बाजारात विकली गेली, ती कायद्याच्या दृष्टीनं नवी राहत नाही. चोरी कुणी केली हा प्रश्नच उरत नाही, कारण मालकी कधी नोंदलीच नव्हती. चाचणीसाठी उघड्यावर मशीन चालवावं लागलं असेल तर कायद्यात एक वर्षाची सवलत आहे म्हणाले, पण पाच चरक विकणं ही चाचणी होत नाही.

तेव्हापासून मी पेटंटांच्या हकीकती शोधून शोधून वाचतो. तू लेसर वापरतोस म्हणून त्यातली एक तुला सांगितलीच पाहिजे. तुझा मित्र म्हणतो ना, चालतं मशीन असल्याशिवाय अर्ज होत नाही? लेसर ज्यांच्या डोक्यातून निघाला त्यांतल्या एकानं हाच समज करून घेतला होता. गॉर्डन गूल्ड. 1957 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. नोव्हेंबरात त्यानं वहीत सगळी कल्पना मांडली, लेसर हा शब्दही त्या वहीत आहे. ती वही घेऊन तो ब्रॉन्क्समधल्या एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात गेला, कारण तिथला दुकानदार नोटरीचं काम करायचा. पानांवर शिक्का मारून घेतला. इथवर बरोबर केलं. पण पेटंटसाठी आधी चालतं यंत्र करावं लागतं असं त्याला वाटलं आणि तो थांबला. अर्ज केला एप्रिल 1959 मध्ये. तोपर्यंत शालो आणि टाउन्स या दोन शास्त्रज्ञांनी 1958 मध्येच अर्ज टाकला होता, मार्च 1960 मध्ये त्यांना पेटंट मिळालंही. आणि गंमत बघ, त्या दिवशी जगात एकही लेसर चालत नव्हता. पहिला चालता लेसर मेमननं मे 1960 मध्ये केला, माणकाच्या कांडीचा.

गूल्डला लेसरचं पहिलं अमेरिकी पेटंट मिळालं 1977 मध्ये. अर्ज केल्यापासून अठरा वर्षांनी. त्या काळी अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून 17 वर्षं मोजायचे, म्हणून उशिरा मिळूनही त्याच्या पदरात पैसे पडले, तोवर लेसर सगळीकडे पोचला होता. आता तसं नाही. आता अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. अडकलेला वेळ परत मिळत नाही.

तेव्हा प्लायवूडचं कव्हर राहू दे तसंच. कागद आधी कर. स्टॉलची फी बुडाली तर बुडू दे.

काळी_वाळू

काका, वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 297 वर ते थांबले आणि म्हणाले, "परत वाच."

महाद्वार_रोड

मध्येच विचारतो. आमचा चपलांचा धंदा आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसल्यावर सगळे म्हणत होते की पेटंट घ्यायला पाहिजे होतं. चपलेला पेटंट मिळतं का?

शाहूपुरीतला_एजंट

पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेल्या चपलेला नाही, कारण त्यात नवं काही नाही आणि पारंपरिक ज्ञान कायद्यानंच वगळलंय. तिच्यासाठी भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय आहे. कोल्हापुरी चपलेला ते 2019 मध्ये मिळालं, कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये. जीआय एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या बनवणाऱ्यांचं असतं, आणि तुम्ही वापरकर्ता म्हणून नाव नोंदवू शकता. यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.

आता मूळ प्रश्न. काळी_वाळू, पॅटर्नवाल्या काकांनी मुख्य गोष्ट सांगितली आहे, मी कायद्याच्या बाजूनं भरतो.

अर्ज प्रदर्शनाच्या आधीच करा. प्रदर्शनाला सवलत आहे असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच, आणि ते प्रदर्शन सुरू झाल्यापासून 12 महिन्यांत अर्ज करावा लागतो. गावोगावच्या मंडपांना ती लागू होत नाही. आपल्याकडे लोक याच ठिकाणी फसतात.

चालतं मशीन लागत नाही. अर्ज वाचून त्या विषयातल्या जाणत्या माणसाला ते करता आलं पाहिजे, एवढं वर्णन लागतं. तुमच्यासाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज योग्य. त्यात दावे (नेमक्या कशावर हक्क मागतोय ती वाक्यं) लिहावे लागत नाहीत, तारीख मिळते, आणि पूर्ण अर्ज 12 महिन्यांच्या आत द्यायचा. नाही दिला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मात्र एक चूक मी दर महिन्याला बघतो: प्रोव्हिजनल म्हणजे अर्ध्या पानाचा सारांश असं समजून लोक काहीतरी खरडून देतात. जे त्यात लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. तुमचा काळ्या कोअरचा उपाय, लेसरचा कोन, कॅमेऱ्याची जागा, ओल्या वॉशवर काय करता, जे फसलं ते का फसलं, सगळं लिहा. हातानं काढलेली चित्रं चालतील, पण स्पष्ट हवीत.

खर्च. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीसाठी 1,600 रुपये आहे, 30 पानं आणि 10 दाव्यांपर्यंत. मोठ्या कंपनीला हीच 8,000. तपासणीच्या विनंतीला व्यक्तीसाठी 4,000, मोठ्या कंपनीला 20,000. तपासणीची विनंती लगेच करावी लागत नाही. 15 मार्च 2024 नंतरच्या अर्जांना त्यासाठी 31 महिने आहेत. तेव्हा आज खिशातून जाणारी सरकारी रक्कम 1,600. पेटंट एजंटची, म्हणजे अर्ज तयार करून देणाऱ्याची, फी वेगळी, पण एजंट सक्तीचा नाही. पुढं पेटंट मिळालं की तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण. सुरुवातीला व्यक्तीला वर्षाला 800, पुढं वाढत जातं. अर्ज फर्मच्या नावानं करायचा की स्वतःच्या, ते आधी ठरवा. स्वतःच्या नावानं केला तर सवलतीसाठी वेगळा दाखला लागत नाही.

एवढेही जमत नसेल तर गांधीनगरजवळची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था आहे. औपचारिक संशोधन संस्थेबाहेरच्या कारागिरांसाठी, शेतकऱ्यांसाठी ती पेटंटचे अर्ज करून देते. काका, तुमच्या वेळी कुणी तुम्हाला तिकडे पाठवलं असतं तर बरं झालं असतं, असं वाचताना फार वाटलं.

सॉफ्टवेअरचं. कायद्यातलं कलम 3(के) म्हणतं की निव्वळ संगणक प्रोग्रॅम, गणिती पद्धत, अल्गोरिदम यांना पेटंट नाही. 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं फरीद अल्लानी प्रकरणात सांगितलं की शोधात तांत्रिक परिणाम असेल तर केवळ त्यात प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येत नाही. तुमच्याकडे लेसर आहे, कॅमेरा आहे, रोलरवरची पेटी आहे आणि शेवटी कास्टिंग वाचतं. दावा यंत्राचा आणि तपासणीच्या पद्धतीचा करा, कोडचा करू नका.

पण तिरक्या रेघेवरून उंची मोजणं हे जुनं तंत्र आहे, त्यावर दावा केलात तर पहिल्याच तपासणी अहवालात उडेल. नवं आहे ते काळ्या, ओल्या कोअरवर रेघ टिकवण्याचं. तिथं भर द्या. आजच रात्री भारतीय पेटंट कार्यालयाचा शोध, गूगल पेटंट्स आणि एस्पासनेट या तीन ठिकाणी बघा, तिन्ही फुकट आहेत. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात साचे आणि कोअर यांचा वर्ग बी22सी, ओतकामाचा बी22डी. नुसते शब्द टाकून शोधलं तर निम्मं हाती लागत नाही, वर्गानं शोधा.

पुण्याचं गिऱ्हाईक: विश्वासानं, बंद शेडमध्ये एकाला दाखवलं म्हणजे जाहीर केलं असं होत नाही. पण ते विश्वासानं होतं याचा पुरावा हवा. भेटीआधीचे मेल, मेसेज जपून ठेवा. पुढच्या माणसाला दाखवण्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही घ्या, एक पान पुरतं. आणि ते वीस मिनिटांचं इथलं लिखाण. त्यात नेमकं काय होतं ते लिहून ठेवा आणि जो एजंट कराल त्याला सांगा, लपवू नका. म्हणूनही घाई करा.

व्हीएमसी_गोकुळशिरगाव

एजंट साहेब, पहिला अर्ज टाकला की काम झालं असं समजायचं का?

शाहूपुरीतला_एजंट

नाही. एक उदाहरण देतो. आज आपल्याकडे थ्रीडी प्रिंटवरून पॅटर्न करतात. त्यातली स्टिरिओलिथोग्राफी, म्हणजे प्रकाशानं द्रव रेझीन थराथरानं घट्ट करायचं तंत्र, चक हलच्या नावावर आहे. त्याचा अर्ज 8 ऑगस्ट 1984 चा. फ्रान्समध्ये तिघांनी तीन आठवडे आधी, 16 जुलैला, अर्ज टाकला होता. पण त्यांच्या मागे असलेल्या कंपन्यांना त्यात धंदा दिसला नाही आणि तो अर्ज त्यांनी सोडून दिला. हलला 1986 मध्ये पेटंट मिळालं आणि त्यावर कंपनी उभी राहिली. तारीख मिळवल्यावर पुढच्या प्रत्येक मुदतीचा कॅलेंडरवर लाल गोल करा. तपासणी अहवाल आला की उत्तराला 6 महिने. मुदत चुकली म्हणून गेलेले अर्ज मी फार बघितलेत.

आणि भारतातलं पेटंट भारतातच चालतं. बाहेर हवं असेल तर पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत हालचाल करावी लागते.

सायबर_चौक_एमएस्सी

मी बायोटेकची विद्यार्थिनी आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा, पण हा धागा वाचून भीती वाटली म्हणून विचारते. उसाच्या मुळाजवळच्या मातीतून मी एक जिवाणू वेगळा केलाय, हुमणी (उसाची मुळं खाणारी अळी) लागलेल्या प्लॉटमधून. पुढच्या आठवड्यात एका परिषदेत पोस्टर लावायचं आहे. ते लावलं तर माझंही काकांसारखंच होईल का?

पेट्रीडिश

बाळ, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पोस्टर म्हणजे प्रसिद्धी, सारांश-पुस्तिका छापली तर तीही प्रसिद्धी. आधी मार्गदर्शकांशी बोल.

पण तुझ्या बाबतीत त्याआधीचा एक प्रश्न आहे: पेटंट कशावर मागणार? मातीत होता तसाच जिवाणू हा शोध म्हणून धरला जात नाही, निसर्गात सापडलेली सजीव गोष्ट कलम 3(सी) मध्ये वगळली आहे. झाडं, प्राणी, बियाणं 3(जे) मध्ये वगळलेत, सूक्ष्मजीव मात्र त्या वगळण्यातून बाहेर ठेवलेत. म्हणजे माणसानं बदल केलेल्या सूक्ष्मजीवाला दार उघडं आहे. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा स्यूडोमोनास जिवाणू केला, एकाच पेशीत वेगवेगळे प्लाझ्मिड (डीएनएच्या छोट्या कड्या) एकत्र आणून. त्याच्यासाठी अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय 1980 मध्ये पाच विरुद्ध चार असं विभागलं आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आपल्याकडे 2002 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं कोंबड्यांच्या जिवंत लशीच्या बाबतीत म्हटलं की शेवटी तयार होणारी वस्तू सजीव आहे एवढ्यावर प्रक्रियेचं पेटंट नाकारता येत नाही.

तेव्हा तू विचार कर: तो जिवाणू शेतात महिनोन्‌महिने जिवंत राहील असं काही वाहक मिश्रण तू केलंस का? वाढवण्याची वेगळी पद्धत आहे का? दोन घटक एकत्र आल्यावर परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येतो हे आकड्यांनी दाखवता येतं का? नुसतं मिश्रण 3(ई) मध्ये अडकतं. शेतात कसं वापरायचं ही पद्धत 3(एच) मध्ये. हुमणीवर काम करणारी तू एकटी नाहीस, मेटारायझियम बुरशीचं आधीच भरपूर छापून आलंय, ते आधी वाच.

अर्ज करायचा झाला तर जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो, कारण सजीव गोष्ट शब्दांत पूर्ण वर्णन करता येत नाही. आपल्याला जवळचा पुण्यातला, दुसरा चंदीगडचा. आणि माती भारतातली, म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरीही आहे, ती विसरू नकोस.

छापून आलेलं आपल्याला वाचवतंही, हे शेजारच्या सांगलीची हळद रोज जेवणात खाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक. त्यांच्या संस्थेनं आव्हान दिलं, आणि 'आमच्या आज्या लावायच्या' एवढं म्हणून भागलं नाही. जुने ग्रंथ आणि 1953 चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे छापील पुरावे पुढं ठेवले. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. मी दरवर्षी पहिल्या तासाला हे शिकवते.

पोस्टर पुढच्या आठवड्यात आहे. उद्या सकाळी मार्गदर्शकांना भेट. प्रोव्हिजनल तोवर होत नसेल तर पोस्टरवर घटकांची नावं आणि प्रमाण घालू नकोस, फक्त निष्कर्ष घाल.

सायबर_चौक_एमएस्सी

धन्यवाद मॅडम. उद्या सकाळी पहिलं तेच.

काळी_वाळू

मंडळी, अकरा दिवसांनी लिहितोय.

प्रोव्हिजनल अर्ज काल दुपारी ऑनलाइन गेला. 14 पानं, 5 चित्रं. बी22सी मध्ये शोधताना कोअर तपासणीची चार जुनी पेटंटं सापडली, कॅमेऱ्याचीही आहेत, पण ओल्या वॉशचा प्रश्न त्यांत कुणी सोडवलेला दिसला नाही. ती चारही अर्जात सांगितली आहेत. पहिलं वर्णन मी लिहिलं तेव्हा एजंट साहेबांनी वाचून परत पाठवलं. म्हणाले, "हे तुम्हाला कळतंय, दुसऱ्या फौंड्रीवाल्याला कळेल का?" मग वडिलांना वाचून दाखवलं. जिथं ते "म्हणजे काय?" म्हणाले तिथं थांबून परत लिहिलं. तीन रात्री गेल्या. शोधक म्हणून माझ्यासोबत शेडमधल्या एका पोराचंही नाव घातलंय, ओल्या वॉशवरची अर्धी युक्ती त्याची होती.

पावती मिळाली तेव्हा वडील शेडमध्येच होते. मोबाइल हातात घेऊन अर्जाचा क्रमांक दोनदा वाचला.

प्रदर्शनात मशीन मांडतोय, पण आतला भाग बंद पेटीत. चालताना दाखवणार, उघडून दाखवणार नाही. पूर्ण अर्जापर्यंत सुधारणा होत राहतील, त्या उघड्यावर नकोत असं एजंट साहेबांचं म्हणणं.

सागवानी_पॅटर्न काका, एक विनंती. ती फासळी असलेलं तुमचं मूळ कास्टिंग अजून आहे का? वडिलांना बघायचंय.

सागवानी_पॅटर्न

आहे. पॅटर्नही आहे, ओरखड्यासकट. वर्कशॉपात बेंचखाली ठेवलाय. सुट्टीच्या दिवशी वडिलांना घेऊन ये, सकाळी ये. चहा घेऊन मग बेंचखालून काढू, एकट्याला उचलत नाही.